विश्लेषण : वय तेच, वाढ वेगळी! लहानखुऱ्या खेळाडूंना खालच्या वयोगटात खेळू द्यावे का?

शालेय मैदानावर १४ वर्षांखालील मुलांचा सामना पाहिला तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. एका मुलाला मिसरूड फुटलेली असते, आवाज फुटलेला असतो. त्याच्यासमोर उभा असलेला दुसरा मुलगा त्याच्या खांद्यालाही लागत नाही. दोघांच्या जन्मदाखल्यांवर मात्र काही महिन्यांचेच अंतर असते. नियमानुसार हा सामना बरोबरीचा आहे, शरीरानुसार नाही. अशा लहानखुऱ्या मुलांना एक वर्ष खालच्या गटात खेळण्याची मुभा द्यावी का, यावर जगभरातील अनेक क्रीडा संघटनांनी वेगवेगळी उत्तरे शोधली आहेत. ही उत्तरे कोणती, त्यामागील शास्त्र काय आणि भारतात ती लागू करण्यात अडचण कुठे येते, याचा हा आढावा.

मुळात प्रश्न काय आहे?

मुलांच्या स्पर्धा वयोगटांत विभागण्याचा हेतू बरोबरीच्या मुलांना एकमेकांशी खेळवणे हा असतो. वय मोजायला सोपे, कागदावर सिद्ध करता येणारे आणि सर्वांना समजणारे असते. त्यामुळे १४, १७, १९ वर्षांखालील असे गट रूढ झाले. साधारण दहाव्या वर्षापर्यंत ही व्यवस्था बऱ्यापैकी चालते. पौगंडावस्था सुरू झाली की ती कोलमडते.

कारण ही अवस्था प्रत्येकाच्या आयुष्यात वेगवेगळ्या वेळी येते. मुलांमध्ये उंची वाढण्याचा वेग सरासरी १४व्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, मुलींमध्ये साधारण १२व्या वर्षी. या काळात मुलगा वर्षभरात नऊ-दहा सेंटिमीटरने वाढू शकतो. पण ही केवळ सरासरी झाली. कोणाची ही झेप १२व्या वर्षीच येते, तर कोणाची १६व्या वर्षापर्यंत लांबते. त्यामुळे १३ वर्षांच्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत चार ते पाच वर्षांचे अंतर असू शकते. उंचीपाठोपाठ वजन, स्नायूंची ताकद आणि वेगही वाढतो. फुटबॉल, रग्बी, कबड्डी यांसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत हा फरक थेट निकालावर परिणाम करतो.

भारतातील शालेय स्पर्धांत ही दरी अधिक रुंद होते. १४ वर्षांखालील गटानंतर थेट १७ वर्षांखालील गट येतो. म्हणजे नुकताच १४ पूर्ण केलेला मुलगा जवळपास १७ वर्षांच्या मुलासमोर उभा राहू शकतो.

जन्मतारखेमुळे नशीब बदलते?

या प्रश्नाचा पहिला धागा हाती लागला तो कॅनडामध्ये. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांत जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या वर्षअखेरीस जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. कारण कॅनडात वयोगटाची कट-ऑफ तारीख १ जानेवारी होती. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधील मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात खेळत. मोठा तो उजवा ठरे, त्याची निवड होई, त्याला चांगला प्रशिक्षक मिळे आणि पुढच्या वर्षी तो खरोखरच अधिक चांगला खेळू लागे. संशोधक याला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ म्हणतात.

हा योगायोग नव्हता, हे बेल्जियममध्ये स्पष्ट झाले. तिथे १९९७ मध्ये युवा फुटबॉलची कट-ऑफ तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आली. तोपर्यंत निवड होणाऱ्यांत ऑगस्टनंतर लगेच जन्मलेल्या मुलांचा भरणा होता. तारीख बदलताच थोड्याच काळात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची संख्या वाढली. गुणवत्ता एका वर्षात एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात सरकत नाही. सरकली होती ती फक्त तारीख.

मात्र जन्ममहिना आणि शारीरिक वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगाही लवकर वयात येऊ शकतो आणि जानेवारीतला मुलगा मागे राहू शकतो. त्यामुळे कट-ऑफ तारीख बदलून हा प्रश्न सुटत नाही.

लहान चण आणि उशिरा होणारी वाढ एकच का?

नाही, आणि सर्वाधिक गल्लत इथेच होते. एक साधे उदाहरण घेऊ. १३ वर्षांची तीन मुले आहेत. पहिल्याची उंची १४० सेंटिमीटर, पण मोठेपणी ती १६५ होण्याचा अंदाज आहे. दुसऱ्याची १५३, अंदाज १८०. तिसऱ्याची १५०, अंदाज १६३. वरवर पाहता पहिला मुलगा सर्वांत मागे आणि बाकीचे दोघे बरोबरीचे वाटतात. आता टक्केवारी काढली तर पहिल्या दोघांनी आपल्या अंतिम उंचीच्या सुमारे ८५ टक्के उंची गाठली आहे, तिसऱ्याने मात्र ९२ टक्के. म्हणजे पहिला आणि दुसरा वाढीच्या एकाच टप्प्यावर आहेत. तिसरा त्यांच्या बराच पुढे आहे. त्याची झेप ऐन भरात आहे.

पहिल्या मुलाला आज खालच्या गटात खेळवण्यामागे तर्क आहे, कारण त्याची वाढ अजून व्हायची आहे. तिसरा मुलगा मोठेपणीही बुटकाच राहणार आहे, पण वाढीच्या टप्प्यात तो आज बराच पुढे आहे. त्याला केवळ उंची पाहून खालच्या गटात पाठवले तर तिथल्या मुलांवर अन्याय होईल. वय, चण आणि वाढीचा टप्पा या तीन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, त्या अशा कारणासाठी.

खालच्या गटात खेळण्याची मुभा कुठे आहे?

अमेरिकेत लहान मुलांच्या अमेरिकन फुटबॉलसाठी १९२९ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेल्या ‘पॉप वॉर्नर’ या संघटनेने वय आणि वजन यांची सांगड घालणारे गट केले. त्यात ‘वयाने मोठा पण वजनाने हलका’ अशी स्वतंत्र तरतूद होती. गटाच्या मर्यादेपेक्षा एक वर्ष मोठा मुलगा त्या गटात खेळू शकत असे, पण त्याच्यासाठी वजनाची मर्यादा इतरांपेक्षा कडक असे. लहान चणीच्या मुलाला सामावून घेतानाच मोठ्या वयाचा गैरफायदा घेता येऊ नये, हा त्यामागचा विचार.

न्यूझीलंडमध्ये, विशेषतः ऑकलंड परिसरात, मुलांच्या रग्बीत वजनाची मर्यादा असलेले गट अनेक दशकांपासून आहेत. ऑस्ट्रेलियात रग्बीच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये वयाबरोबर चण पाहण्याचे धोरण आणले. मुलाची उंची आणि वजन वयाच्या मानाने फारच कमी किंवा फारच जास्त असेल, तर त्याची तपासणी करून एक गट खाली किंवा वर खेळण्याचा निर्णय घेतला जातो. केवळ आकड्यांवर हा निर्णय होत नाही. मुलाचे कौशल्य, अनुभव आणि समजही पाहिली जाते.

बेल्जियमने वेगळा मार्ग धरला. तिथल्या फुटबॉल महासंघाने नियमित युवा राष्ट्रीय संघांबरोबर उशिरा वयात येणाऱ्या मुलांसाठी ‘फ्युचर्स’ नावाचे समांतर संघ उभे केले. या मुलांना आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव मिळतो. शरीर तयार होईपर्यंत ती निवड समितीच्या नजरेआड जात नाहीत.

‘बायो-बॅण्डिंग’ म्हणजे काय?

वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार मुलांचे गट करण्याच्या पद्धतीला ‘बायो-बॅण्डिंग’ म्हणतात. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे संशोधक शॉन कमिंग यांनी प्रीमियर लीगच्या अकादमींबरोबर या पद्धतीवर बरेच काम केले. यात मुलाची सध्याची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून त्याच्या प्रौढ उंचीचा अंदाज बांधला जातो. १९९४ मध्ये मांडलेले ‘खामिस-रोश’ हे सूत्र त्यासाठी वापरतात. क्ष-किरण चाचणी लागत नाही, खर्चही फारसा नाही.

अशाच एका स्पर्धेत चार व्यावसायिक क्लबांची ११ ते १४ वर्षे वयाची ६६ मुले खेळली. सर्वांनी प्रौढ उंचीच्या ८५ ते ९० टक्के उंची गाठलेली होती. या स्पर्धेचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. उशिरा वाढणाऱ्या मुलांना चेंडू खेळवायला, नेतृत्व करायला आणि आपले कौशल्य दाखवायला अधिक वाव मिळाला. विशेष म्हणजे लवकर वाढलेल्या मुलांनाही हा बदल उपयुक्त वाटला. आपल्याच वयाच्या मुलांना ती निव्वळ ताकदीवर मागे सारत असत. इथे ते जमेना. मग त्यांना पास देणे, जागा शोधणे, डोके वापरणे भाग पडले.

लहानखुऱ्या मुलाला संधी देणे ही केवळ दया नाही, हे यातून दिसते. लवकर वाढलेला मुलगा १३व्या वर्षी धसमुसळेपणाने सामने जिंकतो. १७व्या वर्षी बाकीची मुले त्याच्या उंचीला येतात, तेव्हा त्याच्याकडे कौशल्याची शिदोरी नसते. व्यवस्था अशा रीतीने दोन्ही मुलांचे नुकसान करते.

यात पणाला काय लागते?

सर्वांत मोठे नुकसान गळतीचे. वारंवार राखीव खेळाडूंत बसणारा, धक्का लागताच पडणारा मुलगा १४-१५व्या वर्षी खेळ सोडतो. त्याची वाढ सुरू होण्याआधीच त्याचा खेळ संपतो. फ्रान्सचा विश्वविजेता फुटबॉलपटू आन्तोआन ग्रिझमन याला लहानपणी मायदेशातील अनेक क्लबांनी चणीमुळे नाकारले. तो किशोरवयातच स्पेनमधील रिआल सोसिएदादकडे गेला आणि तिथे घडला. इंग्लंडच्या जेमी व्हार्डीला १६व्या वर्षी शेफिल्ड वेन्सडेने लहान चणीचा म्हणून सोडून दिले. पुढे २०१६ मध्ये लेस्टर सिटीला प्रीमियर लीग जिंकून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. ही नावे कळली, कारण ते दोघे टिकले. जे टिकले नाहीत त्यांची मोजदाद कुठेच नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. वजनात मोठी तफावत असलेल्या मुलांची टक्कर झाली तर हलक्या मुलाला इजा होण्याचा धोका उघड आहे. शिवाय झपाट्याने वाढणाऱ्या मुलांमध्ये गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखण्याचे प्रमाण वाढते, कारण हाडांच्या वाढीच्या जागी स्नायूंचा ताण येतो. कोण कोणत्या टप्प्यावर आहे हे माहीत असेल तर सरावाचा भारही त्यानुसार ठेवता येतो.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप मानसिक. मुलाचे मित्र, वर्ग, संघ हे सारे त्याच्या वयाचे असतात. त्याला ‘खालच्या’ गटात पाठवणे त्याला नापास केल्यासारखे वाटू शकते. आपल्याकडे तर वरच्या गटात खेळण्याचेच कौतुक होते. १९८८ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये विनोद कांबळीबरोबर ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचणारा सचिन तेंडुलकर १४ वर्षांचा होता, हे मुंबईत आजही अभिमानाने सांगितले जाते. खाली खेळून घडलेल्या खेळाडूची अशी गोष्ट कोणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप खेळाच्या समजेचा. १४ वर्षांचा मुलगा चणीने लहान असला तरी त्याचा अनुभव १२ वर्षांच्या मुलांपेक्षा जास्त असतो. तो खाली आला तर तिथल्या एखाद्या मुलाची संघातील जागा जाते. तिसरा आक्षेप असा, की संघर्षातून कौशल्य घडते. मोठ्या मुलांशी खेळताना लहान मुलाला चपळाई आणि युक्ती शिकावीच लागते. संशोधकही हा मुद्दा मान्य करतात. अट एवढीच, की तो मुलगा तोवर संघात टिकला पाहिजे. म्हणूनच बहुतेक अभ्यासक बायो-बॅण्डिंगला वयोगटांचा पर्याय न मानता पूरक मानतात. वर्षभर आपल्या वयोगटात आणि अधूनमधून वाढीनुसार केलेल्या गटात, अशी विभागणी ते सुचवतात.

महाराष्ट्राला हे नवे आहे का?

पूर्णपणे नाही. जत्रेतील कुस्तीच्या फडात पंच आणि वस्ताद मंडळी दोन्ही मल्लांची अंगकाठी आणि तयारी पाहून जोड लावतात. तिथे कोणी जन्मदाखला मागत नाही. कबड्डीत तर वय आणि वजन या दोन्ही अटी नियमातच आहेत. किशोर गटासाठी १६ वर्षे आणि ५५ किलो, कुमार गटासाठी २० वर्षे आणि मुलांसाठी ७० तर मुलींसाठी ६५ किलो, अशा मर्यादा रूढ आहेत. गावोगावी ३५, ४५, ५५ किलो वजनी गटांच्या स्थानिक स्पर्धाही भरतात.

पण कबड्डीचा अधिकृत नियम अर्धेच काम करतो. तो जास्त वजनाच्या मुलाला बाहेर ठेवतो, हलक्या मुलाला खाली येऊ देत नाही. १७ वर्षांचा ४८ किलोचा मुलगा वजनाने किशोर गटात सहज बसतो, पण वयामुळे त्याला कुमार गटातच खेळावे लागते. तिथे समोर २० वर्षांपर्यंतचे आणि ७० किलोपर्यंतचे खेळाडू असतात. ‘वयाने मोठा पण वजनाने हलका’ ही अमेरिकेतील सोय इथे नाही. त्यातच वजनाच्या काटेकोर मर्यादेची दुसरी बाजूही आहे. स्पर्धेच्या आधी उपाशी राहून, पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवण्याचे प्रकार मुलांमध्येही होतात. वाढीच्या वयात ते घातक आहे. त्यामुळे खालच्या गटाची मुभा निव्वळ वजनावर दिली तर हेच प्रकार वाढतील.

भारतात खरी अडचण कोणती?

अडचण विश्वासाची आहे. खालच्या वयोगटात खेळता यावे म्हणून वय लपवणे हा भारतीय क्रीडा क्षेत्राचा जुना रोग आहे. एका पिढीची जन्मतारीख तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून असे. आता दाखले अधिक काटेकोर झाले, पण मोहही वाढला. दहावी-बारावीत खेळाचे वाढीव गुण आहेत, राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्ये वयचोरीविरोधात राष्ट्रीय संहिता आणली होती. तिच्या सुधारणेचा मसुदा २०२५ मध्ये पुढे आला.

क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील मुलांसाठी ‘टीडब्ल्यू-३’ ही चाचणी वापरते. डाव्या मनगटाचा क्ष-किरण काढून हाडांचे वय ठरवले जाते. फुटबॉलमध्ये ‘फिफा’ने २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय चाचणी सुरू केली. गंमत अशी, की या चाचण्या मोजतात ती शारीरिक वाढच. परदेशात हीच माहिती मुलाला योग्य गटात बसवण्यासाठी वापरली जाते, आपल्याकडे ती लबाडी पकडण्यासाठी वापरली जाते. यात लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगाही कचाट्यात सापडू शकतो. जन्मदाखला खरा असूनही त्याचे हाड पुढचे वय दाखवते.

अशा वातावरणात वयाच्या नियमात सवलत दिली, तर ती खऱ्या गरजूपेक्षा चलाख पालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या हाती लागण्याची भीती रास्त आहे. शिवाय प्रौढ उंचीचे खामिस-रोश सूत्र अमेरिकेतील ओहायोमध्ये झालेल्या पाहणीतील गौरवर्णीय मुलांवर बेतलेले आहे. ते भारतीय मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाही. आदिवासी आणि दुर्गम भागांत मूल लहानखुरे असण्यामागे कुपोषणही असू शकते. तिथे उपाय आधी आहाराचा हवा, गट बदलण्याचा नंतर.

मग काय करता येईल?

सुरुवात पदक, गुण आणि नोकरी यांच्याशी संबंध नसलेल्या ठिकाणी करता येईल. जिल्हा अकादमी, क्लब आणि शाळांच्या सराव सामन्यांत वाढीनुसार गट केले तर वय लपवण्याचा मोह उरत नाही. अधिकृत स्पर्धांत मुभा द्यायची झाल्यास ती एका हंगामापुरती, एका वर्षापर्यंतच, संघातील एक-दोन खेळाडूंना आणि वैद्यकीय नोंदी पाहून द्यावी लागेल. ऑस्ट्रेलियाप्रमाणे प्रशिक्षकाचे मतही त्यात असावे. हे काहीच जमले नाही तरी निवड चाचणीत मुलाच्या नावापुढे त्याचा जन्ममहिना आणि वाढीचा टप्पा लिहिला, तर निवड समिती आज दिसणारी ताकद आणि पुढे दिसू शकणारी गुणवत्ता यांत फरक करू शकेल.

त्यासाठी लागणारी मूळ माहिती घरीही जमा करता येते. दर तीन महिन्यांनी, दिवसाच्या ठरावीक वेळी, अनवाणी उभे करून मुलाची उंची मोजावी आणि वहीत लिहून ठेवावी. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी सुधारित वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांच्या निर्मितीत पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा होता. मुलाची नोंद या तक्त्यांशी ताडून पाहता येते. आईवडिलांच्या उंचीवरून ढोबळ अंदाजही काढता येतो. दोघांच्या उंचीच्या बेरजेत मुलासाठी १३ सेंटिमीटर मिळवायचे, मुलीसाठी वजा करायचे आणि आलेल्या संख्येला दोनने भागायचे. वडील १६५ आणि आई १५२ सेंटिमीटर असल्यास मुलाची उंची १६५च्या आसपास जाण्याची शक्यता असते. हा केवळ अंदाज आहे, त्यात काही सेंटिमीटरचा फरक पडतोच.

मुलामध्ये १४व्या वर्षापर्यंत किंवा मुलीमध्ये १३व्या वर्षापर्यंत वयात येण्याची कोणतीच खूण दिसली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. बहुतेक वेळा वाढ उशिरा सुरू होण्याची प्रवृत्ती आईवडिलांकडूनच आलेली असते आणि मूल पुढे इतरांना गाठते. तोपर्यंत त्याला रोज मैदानावर यावेसे वाटेल असा एखादा संघ मिळणे महत्त्वाचे. तो संघ वयाने एक वर्ष खालचा असला तरी चालेल का, याचा निर्णय प्रशिक्षकाने आणि पालकांनी त्या मुलाला विचारूनच घ्यायला हवा.